गोचिडांच्या शोधात निरगुडसर

जुन्नरला लोक शिवनेरी चढायला जातात, लेण्याद्रीच्या गणपतीला जातात, गेला बाजार द्राक्षं घ्यायला तरी जातात. मी गेले ती गोचीड गोळा करायला. एसटीत शेजारी बसलेल्या आजींनी चौकशी केली म्हणून मी त्यांना हे खरंखरं सांगितलं, तर त्या आपलं बोचकं उचलून पलीकडच्या बाकावर जाऊन बसल्या.

ही गोष्ट नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडची. मी तेव्हा पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत कामाला होते. संकरित गाईंना गोचिडांमुळे एक वाईट ताप येतो. गोचीड चावला की त्याच्या लाळेतून डोळ्यांना न दिसणारा एक परजीवी गाईच्या रक्तात उतरतो. गाठी सुजतात, ताप चढतो, गाय चारा सोडते, डोळ्यांच्या आतली लाली जाऊन पांढुरकं दिसायला लागतं, आणि वेळेवर औषध मिळालं नाही तर दावं रिकामं होतं. या तापावरची लस आमच्याकडे तयार होत होती. आजारी गाईच्या पेशी परजीवीसकट काचेच्या बाटल्यांत वाढवायच्या, एका बाटलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत, असं महिनोन्‌महिने करत राहायचं. शेवटी त्या परजीवीचा खुनशीपणा जातो, तो जरा माणसाळतो. मग तोच निरोगी गाईला टोचायचा, म्हणजे तिचं शरीर त्याला ओळखून ठेवतं. या बाटल्यांना वेळच्या वेळी खाऊपिऊ घालणं हे माझं काम. ते ऐकून रत्नागिरीला माझी आई म्हणाली होती, "लोकांच्या मुली मांजरं पाळतात, आमची जंतू पाळते."

त्या वर्षी फाल्गुनात आम्ही आंबेगाव तालुक्यात निरगुडसरच्या एका वस्तीवर ही लस टोचून आलो होतो. ती द्रव नायट्रोजनच्या कंटेनरमध्ये गोठवून न्यावी लागते. जागेवर गेलं की कोमट पाण्यात वितळवायची आणि अर्ध्या तासाच्या आत टोचून मोकळं व्हायचं. त्यानंतर तिच्यातले जीव मरायला लागतात आणि मग लस टोचली काय नि पाणी टोचलं काय, सारखंच.

सगळे गोठे भराभर उरकले. शेवटचं घर अनसूयाबाईंचं राहिलं. नवरा भोसरीला कारखान्यात, तो सणावारी यायचा. शेती दीर बघायचे आणि गोठा अनसूयाबाई. त्यांची मोठी गाय दिवस भरत आलेली होती, म्हणून तिला लस द्यायची नाही असं ठरलं. पण तिची पहिली लेक बांडी ही काळीपांढरी कालवड टोचायची होती. आमचे डॉक्टर सुई भरून पुढे झाले, तर अनसूयाबाई आडव्या उभ्या. घरच्या लक्ष्मीच्या अंगाला परकी वस्तू लागायची तर आधी तिला ओवाळायला नको? ओवाळलं. मग म्हणाल्या, पाहुणे उन्हाचे आलेत, तोंडात पाण्याचा थेंब न घेता सुई कशी धरणार? चहा आला. गरम होता, बशीत ओतला, फुंकला. आमचे डॉक्टर घड्याळाकडे बघत होते, पण त्या माउलीला नाही म्हणण्याची त्यांची छाती झाली नाही. बांडीला सुई लागली तेव्हा अर्धा तास उलटून गेला होता. डॉक्टरांनी निघताना खरं ते सांगितलं, "बाई, ही लागू पडली तर पडली. खात्री देत नाही." अनसूयाबाईंचा चेहरा एवढासा झाला. दुसरी कुपी आमच्याकडे नव्हती. नवी मिळायची तर आधी या लसीचा गुण दाखवावा लागणार होता.

तो गुण बघायला मी भाद्रपदात निघाले होते. पावसाळ्यात गोचीड माजतात. लस टोचलेल्या गाईंच्या अंगावर गोचीड बसलेले असतील आणि तरी गाई ठणठणीत असतील, तर आमच्या बाटल्यांनी काहीतरी केलं असं म्हणता येणार होतं. म्हणून दोन्ही आणायचं होतं, गाईंचं रक्त आणि गोचीड.

जुन्नर, शुक्रवार

नारायणगावच्या स्टँडवर एका गृहस्थांनी कांद्याचं पोतं माझ्या पिशवीवर ठेवलं. मी सूक्ष्मदर्शकाची लाकडी पेटी मांडीवर तान्ह्या पोरासारखी धरून बसले होते, म्हणून ती वाचली. पिशवीत काचपट्ट्या होत्या. जुन्नरला उतरून बघते तर त्यांचा बारीक चुरा. काचपट्टीशिवाय रक्त बघायचं कशावर? तळहातावर?

मला घ्यायला भास्करराव आले होते, निरगुडसरला तेच नेणार होते. जुन्नर-आंबेगाव भागात पशुधन पर्यवेक्षक म्हणून त्यांची सगळी हयात गेली, पुढचं वर्ष निवृत्तीचं. त्यांची राजदूत मोटारसायकल त्यांच्याइतकीच अनुभवी. मी म्हटलं, पुण्याला परत जाते आणि सोमवारी नव्या पट्ट्या घेऊन येते.

"सोमवारी उपयोग न्हाई मॅडम," ते म्हणाले. "अनसूयाबाईंची मोठी गाय आषाढात गेली. ह्याच तापानं. औषध पुण्याहून येईस्तोवर खेळ खलास. आता दीर म्हनतो, त्याच गोठ्यात हाय कालवड, तिचाबी नंबर लागंल. पौषात व्यायचीय, व्याल्यावर लई धोका. सोमवारी बेल्ह्याच्या बाजारात नेतोय. टेम्पो ठरवलाय."

"आणि अनसूयाबाई?"

"त्या काय बोलंनात. रोज गोठ्यात जाऊन बसत्यात."

म्हणजे सोमवारच्या आत मला बांडीच्या रक्तात बघून काहीतरी सांगायला हवं होतं, आणि माझ्याकडे काच नव्हती. भास्कररावांनी डोकं खाजवलं आणि मला जुन्या बाजाराच्या बोळात नेलं. दोन्ही बाजूंना दुकानं, इकडचा भाद्रपदी पोळा आठ दिवसांवर आलेला, त्यामुळे जिकडेतिकडे घुंगरमाळा, गोंडे, झुली, शिंगांच्या रंगाच्या पुड्या. आमच्याकडे कोकणात पोळ्याचं एवढं कौतुक नाही. इथे मात्र एक शेतकरी घुंगरांची माळ विकत घेण्याआधी ती डोळे मिटून वाजवून बघत होता. मला तो फार आवडला.

बोळाच्या टोकाला हुसेनभाईंचं फोटोफ्रेमचं दुकान. ते जुम्म्याच्या नमाजाला गेले होते. आम्ही पायरीवर बसून राहिलो. भिंतीवर लक्ष्मी, लग्नातली जोडपी, काबा, दहावीत पहिली आलेली कुणीतरी मुलगी, सगळे एकाच मापाच्या सोनेरी चौकटीत. हुसेनभाई आले, टोपी नीट केली, काच कापायची कणी हातात घेतली.

"कुणाचा फोटू हाय ताई?"

"फोटो नाही. गाईचं रक्त लावायचंय त्याच्यावर."

त्यांची कणी हवेतच थांबली. भास्कररावांनी मग सगळं समजावून सांगितलं. हुसेनभाईंनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "गोचीड लई हरामी. आमच्या बकऱ्यांनाबी धरतो. किती लांब, किती रुंद सांगा." त्यांनी फ्रेमच्या सगळ्यात पातळ काचेतून बोटभर लांबीच्या पट्ट्या अशा सरळ कापल्या की मी बघतच राहिले. कडा दगडावर घासून दिल्या. "हात कापंल ना ताई, गाईचं सोडून तुमचंच रक्त बघावं लागंल," म्हणाले आणि स्वतःच मोठ्याने हसले.

येडगाव, शनिवार

भास्कररावांना कामातून मोकळं व्हायला शनिवारची संध्याकाळ झाली, तोवर मी जुन्नरलाच राहिले. त्यांचं घर येडगावला, धरणाच्या अलीकडे. राजदूतवर बसून मी पेटीसकट तिथे पोचले तेव्हा माझी हाडं वेगवेगळी मोजता आली असती. पण समोर पाणी बघितलं आणि रागबिग विसरले. कुकडी नदी अडवून केलेलं ते पाणी संध्याकाळी इतकं स्थिर होतं की पलीकडचे डोंगर त्यात उलटे उभे राहिले होते. मी समुद्राकाठची. पाणी म्हणजे सतत काहीतरी बडबड करणारं, अशी माझी समजूत. हे गप्प पाणी मला आधी परकं वाटलं आणि मग बरं वाटायला लागलं.

पाण्यापाशी घर म्हटल्यावर मी मनात मासे शिजवून ठेवले होते. भास्कररावांच्या बायकोने, मंदावहिनींनी, ताटात वाढली मासवडी. बेसनाच्या पोळीत तीळ, खोबरं, लसणाचं सारण, वर तिखटजाळ रस्सा आणि बाजरीची भाकरी. माशाचा तिच्याशी काही संबंध नाही. पहिल्या घासाला मी मनातून रुसले, तिसऱ्या घासाला मंदावहिनींच्या पाया पडावंसं वाटलं. त्या म्हणाल्या, "सकाळी चिलापी तळते हो तुमच्यासाठी." ती तळलेली चिलापी मी खाल्ली आणि छान आहे म्हटलं. रत्नागिरीच्या माणसाने गोड्या पाण्यातल्या माशाला छान म्हणणं ही केवढी मोठी गोष्ट आहे हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं होतं.

त्यांच्या गोठ्यात एक गावठी गाय होती, तपकिरी, आखूड शिंगांची, तोऱ्यातली. तिच्या कानात आणि मानेखाली गोचीड खच्चून भरलेले.

"हिला ताप येत नाही?" मी विचारलं.

"गावठी हाय ती. गोचीड पिढ्यान्‌पिढ्या अंगावर घेऊनच जगलीया," भास्करराव म्हणाले. "मरतात त्या जर्सी आन होलस्टिनच्या पोरी. दूध लई, पण जीव नाजूक."

मी चिमट्याने गोचीड काढून बाटलीत भरले. निरगुडसरच्या गाईंबद्दल हे गोचीड काहीच सांगू शकणार नव्हते, पण रिकाम्या हाताने बसवेना. रात्री बाटली फडताळात ठेवायला गेले तर मंदावहिनींनी ती दोन बोटांत धरून थेट अंगणातल्या तुळशीच्या पलीकडे नेऊन ठेवली. "तुमचं पावणं तुमी सांभाळा, पर बाहीर," म्हणाल्या.

निरगुडसर, रविवार

वस्तीच्या तोंडाशीच मला काहीतरी वेगळं वाटलं. दारादारांत सडा, गोठ्यांपुढची जमीन सारवलेली. गाई धुऊनपुसून ओळीने बांधलेल्या, कुणाच्या शिंगांना ताजा हिंगूळ, कुणाच्या गळ्यात नवीन गोंडा. सणाला आठवडा होता. मी पहिल्या गाईच्या कानामागे हात घातला. काही नाही. मानेखाली, कासेजवळ, शेपटीच्या मुळाशी सगळं चाचपलं. एक गोचीड नाही. दुसरी गाय, तिसरी गाय, तेच.

एक म्हातारे गृहस्थ माझ्यामागून हिंडत होते. माझं आश्चर्य बघून त्यांची छाती फुगली.

"एकबी घावायचा न्हाई बाई! चार दिस सगळी वस्ती खपतीया. बायका, मानसं, म्हातारी, सगळी. येकेक येचून रॉकेलच्या डब्यात टाकला आन दिला चुलीत."

"पण का हो?"

"का म्हंजी? पुन्याचं पावणं येनार. आमची जनावरं काय घान दावायची व्हय?"

मुलगी दाखवायची म्हणून घर रंगवतात, तशी त्यांनी माझ्यासाठी सगळी वस्ती चकचकीत करून ठेवली होती. माझ्या येण्याचं कारणच त्यांनी प्रेमाने वेचून जाळलं होतं. चिडायचं तर कुणावर? मी "फार सुरेख ठेवल्यात गाई" म्हटलं, आणि खोटं नव्हतं ते. भास्करराव तोंडावर रुमाल धरून हसत होते. गोचीड गेले तर गेले. चावून गेले असतील तर रक्तात काहीतरी ठेवून गेले असतील, एवढाच आधार आता उरला होता.

अनसूयाबाईंच्या घरी गेलो. फाल्गुनात पाहिलेली बाई ही नव्हतीच. गालांची हाडं वर आलेली, बोलणं तुटक. तांब्याभर पाणी पुढे ठेवलं आणि दाराला टेकून उभ्या राहिल्या. ना गूळ, ना चहाचं नाव. देशावर कुणाच्याही दारात गेलं तरी आधी चहा येतो, नाही म्हटलं तर राग येतो, हे मी एव्हाना शिकले होते. राजदूतवरून आलेल्या माझ्या जिवाला त्याची गरजही होती. मला वाटलं, आपल्यावर राग आहे यांचा. असणारच, गाय गेली.

भास्कररावांना राहवलं नाही. "वैनी, घसा कोरडा पडलाय राव."

"पडू द्या," अनसूयाबाई म्हणाल्या. मग एकदम त्यांचा आवाज फुटला. "त्या दिशी च्या पाजला न माज्या हातानं कालवडीची लस मारली मी. गाय तर गेलीच. आता हिचंबी मीच वाटोळं केलं. तुमचं काम झाल्याबिगार चुलीवर आधन ठेवायची न्हाई, शपथ घातलीया."

मला माझ्या समजुतीची लाज वाटली. मी पेटी उघडली.

दीर शंकरराव अंगणात आले. उंच, शांत माणूस, बोलताना खाली बघणारा. "म्याडम, तुमी काय बगायचं ते बगा. पर उद्या टेम्पो येनार. डोळ्यांदेखत दुसरी मरताना आमच्यानं बगवनार न्हाई." त्यांच्या बोलण्यात मला दुष्टपणा कुठेच दिसला नाही. त्यांनीच मोठी गाय शेताच्या बांधाला पुरली होती.

बांडी गोठ्यात होती. तिच्या शेजारचं दावं भिंतीतल्या खुंटीला गुंडाळून ठेवलेलं. मेलेल्या गाईचा गोऱ्हा आता शेजाऱ्यांच्या गाईला पीत होता. बांडी मात्र मजेत, माझ्या पदराचं टोक तोंडात घेऊन चघळायला लागली. भास्कररावांनी ताप पाहिला, खांद्यापुढची गाठ चाचपली, पापणी उलटून पाहिली. सगळं ठीक. मी तिच्या कानाच्या शिरेला बारीक टोचलं, रक्ताचा थेंब हुसेनभाईंच्या काचेवर घेतला, दुसऱ्या काचेच्या कडेने पातळ पसरवला. अशा दोन पट्ट्या केल्या. मग स्पिरिट, मग जांभळा रंग, मग थांबणं. बांडीची आणि अनसूयाबाईंची नजर सारखी एकमेकींकडे.

पट्टी धुतली, वाळवली, भिंगाखाली लावली आणि नेमकं आभाळ भरून आलं. आमच्या सूक्ष्मदर्शकाला खाली आरसा असतो, तो उजेड पकडून वर पाठवतो. उजेडच नाही तर पाठवणार काय? दिव्याचं बटण दाबलं, तर लाइट गेलेली. आम्ही सगळे अंगणात आभाळाकडे बघत बसलो. शेवटी भास्करराव उठले, राजदूत ढकलत ओट्यासमोर आणली, किक मारली आणि हेडलाइट माझ्या आरशावर रोखला. गाडी धडधडत होती, उजेड कमीजास्त होत होता. मी ओरडायची, "वाढवा!" ते मूठ पिळायचे. सगळी वस्ती हा तमाशा बघायला गोळा झाली.

मी पट्टी सरकवत गेले. गुलाबी गोल पेशी, शेजारी शेजारी, स्वच्छ. आणखी सरकवली. स्वच्छ. काहीच सापडलं नाही तर मी काय सांगणार होते? लस लागली की नाही, गोचीड चावला की नाही, काहीच कळलं नसतं, आणि सकाळी टेम्पो आला असता. पट्टी आणखी केसभर सरकवली. आणि एका पेशीच्या पोटात तो दिसला, काडीच्या टोकाने कुंकू टेकवावं एवढासा जांभळा ठिपका. थोडं पुढे गेल्यावर आणखी एक.

"सापडला!" मी आनंदाने ओरडले. "आहे! हिच्या रक्तात आहे!"

मी मान वर केली तर अनसूयाबाई खाली बसल्या होत्या. शंकररावांनी डोळे मिटले होते. गाडी बंद झाली. मला माझ्या तोंडातून काय गेलं ते तेव्हा कळलं.

मी पळत त्यांच्यापाशी गेले आणि त्यांचे हात धरले. "अहो, नीट ऐका. कांजिण्या येऊन गेलेल्या पोराच्या अंगावर वण राहतात की नाही? हा तसा वण आहे. आजारी गाईच्या रक्तात हे असे खंडीभर दिसतात. हिच्यात शोधून शोधून दोन सापडले. तो हिला होऊन गेलाय बाई, आणि हिला काही झालं नाही."

"आन तुमच्या लशीतलाच आसंल तर?" शंकररावांनी विचारलं. प्रश्न अगदी योग्य होता.

"आमचा बाटलीतला रक्ताच्या या पेशींत शिरत नाही. बाटलीत राहून राहून त्याची ती सवय गेलीय. हा गोचिडाने सोडलेला, तुमच्याच गोठ्यातला. ज्याने हिच्या आईला नेलं, तोच."

"म्हंजी आखाडात," अनसूयाबाई हळू आवाजात म्हणाल्या, "गाय पडली त्या आठवड्यात हिनंबी दोन दिस चारा सोडला व्हता. मी कुनाला बोलले न्हाई. बोलले आसते तर तवाच बाजारात गेली आसती. तिसऱ्या दिशी आपली आपन खायाला लागली."

भास्कररावांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. चहाने मारलेली ती लस पुरती मेली नव्हती. तिच्यात कितीतरी जीव शिल्लक राहिले असणार, आणि तेवढे बांडीला पुरले होते. हे मला पुण्यात कुणाला ठामपणे सांगता आलं नसतं, एका कालवडीवरून काही सिद्ध होत नाही हे मलाही कळतं. पण त्या ओट्यावर माझी पक्की खात्री झाली. तिथे मला इतका आनंद झाला की मी बांडीच्या मानेला मिठी मारली.

अनसूयाबाई उठल्या. "मला दावा," म्हणाल्या. भास्कररावांनी पुन्हा किक मारली. अनसूयाबाईंनी एक डोळा हाताने झाकला, दुसरा भिंगाला लावला आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"हे व्हय? एवढंसं?"

"हो."

"एवढ्याशानं माजी गाय नेली," त्या म्हणाल्या आणि तिथेच, सगळ्या वस्तीसमोर, मोकळ्या होऊन रडल्या. आषाढापासूनचं सगळं त्या दिवशी बाहेर पडलं. कुणी त्यांना थांबवलं नाही.

शंकररावांनी चपला घातल्या. "टेम्पोवाल्याला सांगून येतो," म्हणाले आणि दोन पावलं जाऊन वळले. "वैनी, मलाबी टाका कपभर."

तेव्हा कुठे चुलीवर आधण चढलं. घरात दूध नव्हतं, असणार कुठून? कोरा चहा, गुळाचा, आलं ठेचून घातलेला. मी जन्मात कधी बिनदुधाच्या चहाला तोंड लावलं नव्हतं. रत्नागिरीला तो फक्त पडशाला देतात. अनसूयाबाई चुलीसमोरूनच म्हणाल्या, "दुधाचा पौषात. ही व्याली की पयला च्या तुमाला."

कप हातात घेतला तेवढ्यात माझ्या पदरावरून एक टपोरा गोचीड सावकाश चालत निघाला. तीन दिवस ज्याच्यासाठी वणवण केली तो हा. मी पटकन बाटली पुढे केली. अनसूयाबाईंनी तो बघितला आणि त्यांचं रडून सुजलेलं तोंड शरमेनं लाल झालं. "आमच्यातला न्हाई हां तो," त्या घाईघाईने म्हणाल्या. "येडगावचा आसंल!"

भास्कररावांना ठसका लागला. आपल्या गावचा अपमान झाल्यासारखं त्यांनी तोंड केलं आणि सगळं अंगण हसलं, अनसूयाबाईसुद्धा.

दोनपैकी एक काचपट्टी मी कामासाठी ठेवली. दुसरी निघताना त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उजेडात धरून पाहिली, पदराने पुसली आणि गोठ्यात रिकामं दावं टांगलं होतं त्या खुंटीच्या वरच्या कोनाड्यात उभी करून ठेवली. मग तबक आणलं आणि बांडीला ओवाळलं. फाल्गुनात सुईच्या आधी ओवाळलं होतं, या वेळी सगळं झाल्यावर.

पौषात मी गेले. राजदूत तीच, खड्डे तेच. दारात पोचले तर अनसूयाबाई आडव्या उभ्या. म्हणाल्या, आधी च्या, मग काय बोलायचं ते बोला. दुधाचा होता, दाट, वर साय धरलेला. मी तो बशीत ओतला, फुंकला आणि अगदी सावकाश प्याले.